समुपदेशक वडील गेल्यानंतर त्यांची आठवण कशी जपावी

माझे वडील नाशिकला समुपदेशक होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. शिक्षक गेले की त्यांचे विद्यार्थी चारचौघांत रडतात, किस्से सांगतात. समुपदेशकाकडे येऊन सावरलेल्या माणसाला ते करता येत नाही, कारण ‘तुमची त्यांची ओळख कशी?’ या साध्या प्रश्नाचंही उत्तर त्याला द्यायचं नसतं. त्यामुळे अशा वडिलांची आठवण जपताना घरच्यांना दोन गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात. आपला बाप जसा होता तसा सांगायचा आणि त्याच्या खोलीत बोललं गेलेलं तिथेच राहू द्यायचं. हे दुःख ज्यांच्या घरी नुकतंच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी फोन आणि अपॉइंटमेंटची डायरी. उद्या, परवा कुणीतरी वेळ घेतलेली असते आणि त्या माणसाला दारावरचं कुलूप बघून बातमी कळू नये. पण डायरी घेऊन घरच्यांनी फोन करत बसू नये. वडिलांचा विश्वास असलेल्या एखाद्या सहकारी समुपदेशकाला पहिल्याच दिवशी बोलवा आणि डायरी त्यांच्या हातात द्या. ते फोन करतील तेव्हा पलीकडून सासूबाईंनी उचलला किंवा मुलाने, तरी क्लिनिकचं नाव निघता कामा नये. ‘नंतर करतो’ एवढंच म्हणायचं. ती व्यक्ती स्वतः बोलायला आली की बातमी, दोन सांत्वनाचे शब्द आणि पुढे कुणाकडे जाता येईल त्यांची नावं. रात्रीबेरात्री कुणाला फारच असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्यावा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कपाटातल्या फायली उघडू नका. मला मोह झाला होता. नानांचं अक्षर बघायचं होतं, बाकी काही नाही. पण अक्षरासाठी त्यांची किराणा मालाची यादी आहे, माझ्या वह्यांवर त्यांनी घातलेली नावं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २३ वं कलम उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतं. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी सांगणाऱ्याने ते नानांना सांगितलं होतं, मला नाही. फायली कुलपात राहू द्या. काय ठेवायचं, काय कुणाकडे सोपवायचं आणि काय बारीक तुकडे करून नष्ट करायचं, ते त्या सहकाऱ्याला ठरवू द्या.

आता लिहिण्याबद्दल. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत प्रत्येक जण मनमिळाऊ, प्रेमळ आणि हसतमुख असतो. ही विशेषणं वापरली की आपले वडील त्या रकान्यातल्या इतर फोटोंमध्ये मिसळून जातात. त्याऐवजी ते काय करायचे ते लिहा. नाना संध्याकाळी क्लिनिकमधून आले की लगेच बेल वाजवत नसत. आधी खालच्या पायरीवर थोडा वेळ बसायचे, मग वर यायचे. आई गच्चीतून बघायची आणि चहा टाकायची. घरात आल्यावर ते फक्त आमचे असत. माझ्या वेण्या तेच घालायचे, घट्ट आणि थोड्या वाकड्या. बारावीच्या प्रत्येक पेपरला केंद्राबाहेर स्कूटरवर बसून राहिले आणि पेपर कसा गेला हे एकदाही विचारलं नाही. आधी उसाचा रस, मग मी सांगेन तेवढंच.

अशा गोष्टी एकट्याला आठवत नाहीत. फोनवर रेकॉर्डिंग लावून आईशी, आत्याशी, क्लिनिकच्या खालच्या चहावाल्या काकांशी बोला. ‘ते कसे होते?’ असं विचारलं तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येतं. ‘ते चिडले की काय करायचे?’, ‘पैशांवरून कधी वाद झाला का?’, ‘शेवटचं काय बोलणं झालं?’ असं विचारा. भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर भांडू नका, दोन्ही ठेवा. माझ्या भावाला आठवतात ते नाना ऐन जेवणात फोन आला की उठून जाणारे आहेत. त्याचा तो राग खरा आहे आणि त्यालाही लेखात जागा मिळाली पाहिजे.

व्यवसायाबद्दल लिहिताना पद्धत सांगा, माणसं सांगू नका. नाव बदलूनही नाही. नाशिकसारख्या गावात ‘कॉलेज रोडवरच्या एका प्राध्यापकांचा मुलगा’ एवढं म्हटलं तरी ओळख पटते. नाना आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार वापरायचे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवलेली पद्धत. कागदावर तीन रकाने आखायचे: काय घडलं, त्याबद्दल मी स्वतःशी काय म्हणालो, त्यातून मला काय वाटलं. मधल्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. हे लिहिलं की वाचणाऱ्याला त्यांचं काम दिसतं आणि कुणाचंही गुपित बाहेर पडत नाही.

रामकुंडावरचा दहावा आणि घरचा तेरावा नातेवाइकांचा असतो. बाकीच्यांसाठी वेगळी स्मरणसभा घ्या. निमंत्रणात एवढंच लिहा: ‘सरांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने यावं. बोललंच पाहिजे असं नाही.’ दारात नाव-गाव-फोनची नोंदवही ठेवू नका. त्याऐवजी कोरे कागद आणि एक पेटी ठेवा, सही नसली तरी चालेल. प्रेक्षकांचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नका आणि हे सुरुवातीलाच माइकवरून सांगा, म्हणजे लोक निवांत बसतील. मागच्या रांगेत कुणी एकटंच रडत असेल तर पाणी द्या, चौकशी करू नका. बोलणारे मोजके असावेत: एक सहकारी, एक जुना मित्र, घरातलं एक. नगरसेवकांना व्यासपीठावर बसवायचा आग्रह होईल, तो मान्य करू नका. त्यांना श्रोत्यांत मानाने बसवा.

वडिलांचं सिमकार्ड निदान वर्षभर चालू ठेवा. लांबच्या गावाहून, परदेशातून फोन येत राहतात. कधी कुणी फक्त ‘सर आहेत का?’ असं विचारतं. नाव विचारू नका. ‘नाना आता नाहीत. तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर नंबर देते’ एवढं म्हणा आणि समोरचा फोन ठेवेपर्यंत आपण ठेवू नका.