जमिनीखालून गार हवा आणायचीय? आधी उतार बघा

जालन्याला आईबाबांच्या घरी दोन वर्षांपूर्वी मी हा उद्योग केला आणि चांगलाच तोंडघशी पडलो. आता मेव्हणा शेतातल्या नव्या घरात तेच करायचं म्हणतोय, म्हणून तयारीचं सगळं एकदा लिहून काढतोय, बाकी कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी एक खुलासा. याला जिओथर्मल, म्हणजे जमिनीच्या तापमानाचा उपयोग, म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच वज्रेश्वरीची नाहीतर उनपदेवची गरम कुंडं काढतात, त्याचा इथे काही संबंध नाही. दहा-बारा फूट खाली जमिनीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं, आपल्याकडे 26-28 अंश धरा, आणि मे महिन्यात बाहेर 41 असताना तीच हवा पाइपातून जमिनीखालून फिरवून घरात घ्यायची, एवढाच खेळ. नवीन काही नाही, गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या 'रिट्रीट' नावाच्या इमारतीत 2000 सालापासून 4 मीटर खोल असे बोगदे आहेत. बोअरमध्ये यू-पाइप सोडून हीट पंप लावतात तो प्रकार वेगळा, त्याचा खर्चही वेगळा.

अपेक्षा जमिनीवर ठेवा. आठ इंची एका पाइपातून बऱ्यापैकी वेगाने हवा नेली, 40 ची 29 केली, तरी हिशोब साधारण 1 किलोवॉट गारव्याचा येतो, आणि एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन. एका पाइपावर एका खोलीचा उकाडा कमी होतो, घराचं महाबळेश्वर होत नाही.

पोकलेन बोलवायच्या आधी एक खड्डा करून बघा. आमच्याकडे वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पाषाण आठ फुटांवरच लागला तर ब्रेकरचं तासाचं भाडं मोजत बसाल. चर घराच्या पायापासून (फाउंडेशनपासून) लांब, किती लांब ते इंजिनिअरला विचारा. आणि काळ्या मातीत दहा फुटी उभ्या चरात माणूस उतरवू नका म्हणजे नाहीच, कडा सांगून ढासळत नाही. पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद खोदा, माती काठापासून लांब टाका.

आता उतार. पाइप घराकडून बाहेरच्या टोकाकडे उतरता पाहिजे, 100 फुटाला 2 फूट, आणि खालच्या टोकाला चेंबर, म्हणजे आतलं पाणी वाहून येऊन जिथे साचेल आणि पंपाने उपसता येईल असा खड्डा. मी काय केलं, गवंड्याने "सरळ टाकलाय साहेब" म्हटलं आणि मी मान डोलावली. सरळच नको होता ना! उन्हाळा मस्त गेला, हवा कोरडी होती. पावसाळ्यात काळी माती फुगली, मधल्या पाइपाने पोट सोडलं, जॉइंटमधून पाणी झिरपून तिथे साचलं. जुलैत ब्लोअर (पाइपातून हवा ओढणारा पंखा) लावला की जाळीतून ओल्या गोणपाटाचा वास, कान लावला तर आत गुळगुळ आवाज, आणि आठवड्याभरात डास. आईने त्या भोकात जुनं लुगडं कोंबलं, ते अजून तिथेच आहे. कोकणात तर झिरपायचीही गरज नाही, हवेतल्या दमटपणानेच पाइपाला आतून घाम फुटू शकतो.

म्हणून लेव्हलची नळी (पाणी भरलेली, उंची जुळवायची) स्वतः धरायची. प्रत्येक जॉइंटला. पाइपाखाली मुरूम ठोकून पक्की बैठक, वर वाळू, दगड नको. आणि माती लोटायच्या आधी वरच्या टोकातून बादलीभर पाणी ओता, खाली दुसरी बादली लावा. जवळपास सगळं बाहेर आलं तर ठीक, अर्धी बादली आत राहिली तर उपसा आणि पुन्हा टाका, गवंडी कितीही वैतागला तरी. पोकलेनवाला घाई करेल, त्याला चहा पाजा. एकदा दहा फूट माती पडली की उतार कुणाचा बापही दुरुस्त करू शकत नाही.

चेंबरचा तळ काँक्रीटचा हवा. तळ उघडा ठेवला तर पावसाळ्यात खालचं पाणी वर येऊन तेच पाइपात शिरतं, म्हणजे उतार देऊन उलटा तोटा. झाकण असं की माणूस वाकून पंप सोडू शकेल.

पाइप 200 मिमीचा पीव्हीसी, 6 मीटरचे पाच पुरतात, 30 मीटरच्या पुढे लांबी वाढवून फारसं हाती लागत नाही. दुसरा टाकायचा तर पाच-सहा फूट अंतर सोडून, आणि त्यालाही उतार, हो, त्यालाही.

हवा घ्यायचं तोंड जमिनीपासून पाच फूट वर, सावलीत, मान खाली वाकवलेलं, गोठा आणि जनरेटरपासून लांब. उंदरांची जाळी, डासांची जाळी. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, नाहीतर धुळीने हवाच येत नाही आणि लोक ब्लोअरला शिव्या घालतात.

खोलीत हवा येते तशी जायलाही वाट लागते, वरचं व्हेंटिलेटर उघडं ठेवा. ब्लोअर दुपारी अकरा ते सहा, रात्री खिडक्या उघडा. वायरिंग, स्विच, रंग वगैरे तुमचं तुम्ही बघा. पावसाळ्यात दोन्ही तोंडांना टोपण, चेंबर महिन्यातून एकदा उघडायचा.

मेव्हण्या, शनिवारी पोकलेन येणार असेल तर मला शुक्रवारीच फोन कर, नळी मी आणतो.