क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठीक? शुगर-बीपी असलेल्यांनी या चुका टाळा

शुगर आणि बीपी दोन्ही असलेली बरीच मंडळी रिपोर्टमध्ये फक्त क्रिएटिनिन बघतात, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ. आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसला की फाईल कपाटात. पण क्रिएटिनिन वर सरकेपर्यंत किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. ७५ वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन १.१ आलं, तर पुष्कळ लॅब ते नॉर्मलच छापतात. वय आणि लिंग धरून हिशेब केला तर ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज, मात्र ५२ च्या आसपास निघतो. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार.

दुसरी चूक म्हणजे लघवीची तपासणी गाळणं. माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती हीच. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, म्हणजे एसीआर, ३० च्या आत (मिग्रॅ/ग्रॅममध्ये) हवं. ते वाढलेलं असेल तर ईजीएफआर चांगला असूनही हार्ट अ‍ॅटॅक आणि हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो. कारण शुगर आणि बीपी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, पण त्या दोघांचा मार तेवढ्यावरच थांबत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्याही त्यातून सुटत नाहीत. किडनी बिघडली की अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी आणखी चढतं, हृदयाची भिंत जाड होते. म्हणून किडनीच्या अनेक रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकारच गाठतो. अर्थात एका रिपोर्टवर घाबरू नका. ताप, लघवीचा संसर्ग किंवा जोरदार व्यायामानंतरही एसीआर वाढतो, तेव्हा तपासणी पुन्हा करावी लागते.

शुगर अचानक ‘सुधारली’ की घरात आनंद होतो. आहार तोच, इन्सुलिन तेवढंच, तरी आकडे खाली येत असतील तर आधी किडनी तपासा. थकलेली किडनी इन्सुलिन लवकर निकाली काढत नाही, ते अंगात रेंगाळतं आणि शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा वेळी डोस कमी करावा लागतो, तोही डॉक्टरांना विचारूनच.

औषधांची गंमत वेगळीच. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं की काहीजण ‘ही गोळी किडनी खराब करते’ म्हणून ती परस्पर बंद करतात. पहिल्या महिनाभरात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं असतं. आणि हीच माणसं गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र बिनदिक्कत घेतात. त्या गोळ्या खरंच किडनीला आणि हृदयाला जड जातात, बीपीही वाढवतात.

‘लो सोडियम’ मीठ घेताना पाकीट उलटून वाचा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमजोर असेल, त्यात रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधं मीठच कमी करा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

पायावरची सूज आणि चालताना लागणारा दम वयावर ढकलू नका. मधुमेहात हार्ट अ‍ॅटॅक कधीकधी छातीत न दुखताच येतो. एकाएकी दम लागला, दरदरून घाम फुटला किंवा कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटलं, तर तडक हॉस्पिटल गाठून ईसीजी काढून घ्या.