जेसीबी-टिपरवाल्यांनी केबिनमध्ये आणि केबिनबाहेर काय घालायचं

निपाणी-बेळगाव हायवेचं काम असो की खानापूरकडचा छोटा पूल, ऑपरेटर एक गोष्ट हमखास टाळतो, ती म्हणजे सीटबेल्ट. मशीन उलटायला लागलं की माणूस आपोआप उडी मारायला बघतो आणि नेमका त्याच मशीनखाली सापडतो. केबिनची मजबूत चौकट तुम्हाला वाचवते, पण तुम्ही आत बसून राहिलात तरच. म्हणून चावी फिरवायच्या आधी बेल्ट लावा, मशीन चार फूट सरकवायचं असलं तरी.

बंद केबिनमध्ये हेल्मेट काढलं तर एकवेळ चालेल (साइटचा नियम वेगळा असेल तर तो पाळा), पण ते हाताशी ठेवा आणि उतरायच्या आधी डोक्यावर घाला. मोटरसायकलचं हेल्मेट इथं चालत नाही. साइटच्या हेल्मेटवर आयएसआय मार्क आणि आयएस २९२५ हा आकडा बघून घ्या.

चमकत्या पट्ट्यांच्या जॅकेटचंही तसंच, उतरायच्या आधी घाला. टिपरचा ड्रायव्हर ताडपत्री बांधायला खाली उतरतो, तेव्हा मागे येणाऱ्या दुसऱ्या गाडीला तो दिसला पाहिजे. खानापूरच्या तांबड्या चिखलानं पट्ट्या माखल्या की रात्री त्या चमकतच नाहीत, तेव्हा जॅकेट धूत जा. पायात चप्पल नको, पुढे स्टीलची टोपी असलेले बूट हवेत.

ब्रेकर (दगड-काँक्रीट फोडायचा हातोडा) लावलेलं उघड्या केबिनचं मशीन असेल तर कानात प्लग घाला.

हे सगळं पुरवणं मालकाचं काम आहे, त्याचे पैसे पगारातून कापू देऊ नका.