संपर्कशोधक ॲपचा वापर वाढवायचा असेल तर: नाशिकमधील स्वयंसेवकांसाठी

साथीच्या काळात संपर्क शोधणाऱ्या ॲपचा प्रचार करताना बहुतेकांचे लक्ष डाउनलोडच्या आकड्यावर असते आणि तो आकडा फसवा असतो. असे ॲप ब्लूटूथच्या साहाय्याने दोन फोनमधील जवळीक नोंदवते आणि एकाला लागण झाल्याचे कळले की दुसऱ्याला इशारा देते, त्यामुळे ते दोघांकडेही चालू असावे लागते. १०० पैकी ४० जणांकडे ॲप असेल, तर सहज भेटलेल्या दोघांकडेही ते असण्याची शक्यता जेमतेम १६ टक्के भरते. म्हणून नाशिकभर विखुरलेले वापरकर्ते जमवण्यापेक्षा अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्याची एक आख्खी पाळी आधी गाठावी, कारण तीच माणसे रोज तासन्‌तास एकमेकांजवळ असतात.

पाळी सुटताना सगळ्यांना घरची घाई असते. बोलणे जेवणाच्या सुट्टीत करावे आणि ते कामगारांपैकीच कोणी करावे, साहेबांनी नव्हे. साहेबांच्या तोंडून विनंतीही हुकूम वाटते. १ मे २०२० च्या केंद्रीय आदेशाने कर्मचाऱ्यांना 'आरोग्य सेतू' हे कोविडसाठीचे सरकारी संपर्कशोधक ॲप सक्तीचे केले होते, पण त्याच महिन्यात ती भाषा सौम्य करावी लागली. सक्तीने ॲप फोनमध्ये येते, ब्लूटूथ मात्र बंदच राहते.

कोणती माहिती घेतली जाते, ती कुठे साठते, किती दिवसांनी पुसली जाते, हे डाउनलोडच्या आधी सांगावे. आपल्या हातात नसलेले वचन देऊ नये. सिंगापूरमध्ये 'ट्रेसटुगेदर' या अशाच सरकारी ॲपची माहिती केवळ संपर्क शोधण्यासाठी वापरली जाईल असे आधी सांगितले गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांनाही ती मिळू शकते हे उघड झाल्यावर मोठी नाराजी उसळली.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. स्वस्त फोनमध्ये 'बॅटरी सेव्हर' मागे चाललेले ॲप बंद करतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला त्यातून वगळावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. साध्या फोनवाल्यांना सोडून देऊ नये. २०२० मध्ये त्यांच्यासाठी 'आरोग्य सेतू'ची १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉलची सोय होती. तशी सोय नसेल तर शेजारी काम करणाऱ्यांच्या नावांची वही ठेवावी.

खरा अडथळा मात्र रोजंदारीचा आहे. इशारा आला की घरी बसावे लागणार आणि हजेरी बुडणार, हे ज्याला ठाऊक आहे तो कितीही समजावले तरी ॲप चालू ठेवणार नाही. तेव्हा पहिल्या बैठकीआधीच विलगीकरणातील दिवसांची मजुरी मिळेल असे व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे, कंत्राटी कामगारांचा त्यात स्पष्ट उल्लेख करून घ्यावा आणि तो कागद हजेरीच्या यंत्राशेजारी लावावा.