जांभ्याच्या सड्यावर माउंटन बाइक: गोव्यातल्या वाटांसाठी टायर, तंत्र आणि सावधगिरी

माउंटन बायकिंगचे बरेचसे व्हिडिओ आपल्याकडे नसलेल्या जमिनीवर काढलेले असतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर खडूच्या टेकड्या आहेत. तिथला खडू कोरडा असेपर्यंत चाक धरतो, भिजला की बुळबुळीत होतो आणि त्यातले चकमकीच्या दगडाचे तुकडे टायर चिरतात. तिथले टायर आणि तिथला हवेचा दाब इथे जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच उतारावर कोपर सोलून निघेल. गोव्यात सायकल घसरते ती उन्हाळ्यात सुट्या लाल खडीवर आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर. या दोन्हींच्या मधला काळ, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा, सगळ्यात चांगला. माती दाबून बसलेली असते, धूळ कमी असते आणि पहाटे अंगाला घाम चिकटत नाही.

आधी सायकल. इथले चढ छोटे पण ताठ असतात आणि खाली उतरायला काही मिनिटेच लागतात. त्यामुळे १०० ते १२० मिलिमीटर फोर्कची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, पुरते. मोठ्या फुल-सस्पेन्शनवर पैसे घालण्यापेक्षा चांगले टायर आणि हायड्रॉलिक ब्रेक घ्या. पुढे ३० किंवा ३२ दातांची एकच चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे ५० दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) असली की पायऱ्या पायऱ्यांच्या कातळावरही पाय थांबत नाहीत. फोर्कची हवा अशी भरा की सगळे सामान घेऊन पेडलवर उभे राहिल्यावर सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क दबण्याचे प्रमाण, २० टक्क्यांच्या आसपास येईल. म्हणजे १२० मिलिमीटरच्या फोर्कवर रबरी रिंग साधारण २४ मिलिमीटर सरकली पाहिजे.

टायर २.३ ते २.४ इंच रुंद, ट्यूबलेस आणि जाड साइडवॉलचे हवेत. जांभा हा इथला तांबडा दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा असतो आणि त्या भोकांच्या कडा कडक असतात. फाटतो तो टायरचा माथा नव्हे, बाजू. ७० किलोच्या स्वाराने पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करावी. दर फेरीला एकेक पीएसआय कमी करत जा. रिम दगडावर आपटल्याचा ठण्ण आवाज आला की दोन वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. ट्यूब वापरत असाल तर चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोके पडतात. दाब सायकल चालवायच्या ठिकाणी, सावलीत मोजा. घरी २३ भरून सायकल उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली तर पोचेपर्यंत तीन-चार पीएसआय वाढलेले असतात, आणि खडीवर तेवढा फरक पकड घालवायला पुरेसा आहे.

२९ इंची टायरमध्ये १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोके आतून बुजवणारा द्रव, घाला. आपल्या उष्म्यात ते दोन-तीन महिन्यांत आटते. चाक कानाजवळ धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर आत फक्त रबराची साल उरलेली आहे. करवंदीचा काटा सीलंट सहज बुजवते. काटा काढायची घाई मात्र करू नका, आधी चाक असे फिरवा की भोक खाली येईल आणि मग उपटा. साइडवॉलच्या चिरेला सीलंट पुरत नाही. त्यासाठी प्लग, एक ट्यूब आणि जुन्या टायरचा काडेपेटीएवढा तुकडा बॅगेत असू द्या. ट्यूब घालण्याआधी तो आतून चिरेवर बसवला की ट्यूब बाहेर फुगत नाही.

आता खडी. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावरच्या, टणक लाल जमिनीवर वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले असतात, आणि कडक पाटावर ते चाकाखाली नुसते फिरतात. लोक पडतात ते बहुधा वळणातच ब्रेक दाबल्यामुळे. वेग वळणाआधी, सरळ रेषेत कमी करा. वळणात शिरताना दोन्ही लिव्हर सोडा, बाहेरचा पाय खाली नेऊन त्यावर वजन टाका आणि अंग फार न झुकवता सायकल आत कलवा. नजर वळणाच्या शेवटावर ठेवा. गुरांच्या पायवाटेवर खुरांनी खडे बाजूला उडालेले असतात, तेव्हा त्या हातभर स्वच्छ पट्ट्यातूनच जा. कडेला चाक गेले की परत आत आणायचा प्रयत्नच पाडतो. ट्रकच्या वाटेवर चाकांच्या दोन चाकोऱ्या साफ असतात आणि मधला उंचवटा खडीने भरलेला. चाकोरी बदलायची असेल तर सरळ भागात, ब्रेक न लावता बदला.

ट्रकची वाट निघालीच आहे तर सड्यावरच्या सगळ्यात मोठ्या धोक्याबद्दल सांगायला हवे. तो म्हणजे चिरेखाण, जांभ्याचे चिरे (बांधकामाचे ठोकळे) काढायची खाण. चिरे यंत्राने कापतात, त्यामुळे खाणीच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या असतात, दोन-तीन पुरुष खोल, आणि पुष्कळ ठिकाणी कठडा नसतो. सप्टेंबरात कमरेएवढे गवत अगदी कडेपर्यंत वाढते आणि खाली पाणी साचते. पडलेल्याला वर चढायला भिंतीत पाय ठेवायला जागा सापडत नाही. सड्यावर रुंद, लाल भुकटी पडलेली वाट अचानक चांगली झाली तर ती बहुतेक खाणीकडेच जाते. तुटक्या चिऱ्यांचे ढीग दिसले की उतरा. मोबाइलवरच्या जीपीएस रेषेवर विसंबू नका, कारण चालू खाण पुढे सरकत असते आणि गेल्या हिवाळ्यातली वाट यंदा हवेत संपलेली असू शकते. नव्या सड्यावर पहिली फेरी चालण्याच्या वेगाने, आणि संधिप्रकाशात कधीच नाही.

काजूच्या बागेतला उतार वेगळा. पानगळीचा जाड थर टणक जमिनीवर बसतो आणि ब्रेक लावताच अख्खा थर चाकासकट सरकतो. त्याखाली मुळे आणि सुटे चिरे लपलेले असतात. पहिल्यांदा पायी उतरून काठीने थर ढकलून पाहा. काजूच्या फांद्या आडव्या आणि खाली वाढतात, त्यामुळे हँडलबारबरोबर डोक्याचीही काळजी घ्या. हंगाम सुरू झाला की, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, बागांत जाऊच नका. बोंडू (काजूची फळे) चाकाखाली चिरडतात, ते घसरडे असतात आणि जमिनीवरच्या बिया वेचणाऱ्यांची ती वर्षाची कमाई असते.

पावसात कातळ रंगावरून वाचा. तांबडा, खरखरीत दिसणारा भाग ओला असला तरी धरतो. काळसर भाग ओला असेल तर त्यावर वळू नका. हिरवट झाक दिसली तर उतरून सायकल ढकला. आलाच समोर तर ब्रेक नाही, वळण नाही, पेडल समांतर ठेवून सरळ पलीकडे. दाब दोन पीएसआय उतरवा. डबक्याला वळसा घालू नका: ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावरच्या इंचभर मातीत सीतेची आसवे आणि दवबिंदू ही इवली रानफुले फुलतात, आणि एका टायरची चाकोरी तिथे पुढच्या पावसापर्यंत दिसत राहते. डबक्याची खोली काठीने बघा आणि मधून जा. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधांवर मात्र पावसाळ्यात सायकल नेऊच नका, चाकाने बांध ढासळतो. दिवाडीसारख्या बेटावर हे बांध कोरड्या दिवसांत नवशिक्याला समतोल शिकायला उत्तम.

जमीन कोणाची हे विचारून घ्या. पुष्कळसे सडे कोमुनिदादचे (गावाच्या सामायिक मालकीच्या संस्थेचे) आहेत, काही खासगी, काही वन खात्याचे. मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई या अभयारण्यांत परवानगीशिवाय शिरायचे नाही. गडग्यातले (दगडी कुंपणातले) बेडे, म्हणजे फाटक, जसे दिसले तसेच ठेवा, बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे.

पंक्चर काढायला बसताना दगडावर हात टेकू नका, चिऱ्यांच्या ढिगात तर नाहीच. फुरसे तिथेच असते. चावलेच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यातले काही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलणार नाही असा आधार द्या आणि १०८ वर फोन करून थेट गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जवळचे जिल्हा रुग्णालय गाठा. म्हणून एकट्याने जाऊ नये आणि निघताना घरी वाटेचे नाव सांगावे. पाणी तासाला निदान पाऊण लिटर धरा, उष्म्यात त्यात मीठ-साखर.

परतल्यावर लगेच पाणी मारू नका. लाल धूळ आणि चेनचे तेल मिळून चेन घासणारा लगदाच तयार होतो. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग ओले फडके. उन्हाळ्यात मेणाचे वंगण, पावसात ओल्यासाठीचे. चेन झिजली की नाही ते मापाने बघा: ११-१२ गिअरसाठी ०.५ टक्क्याला बदला, उशीर केला तर कॅसेटही जाते. पावसात रेझिनचे ब्रेक पॅड फार लवकर संपतात, धातूचे बसवा. डिस्कच्या जवळपास स्प्रे तेल मारू नका. समुद्राकाठी फिरलात तर सायकल गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुऊन कोरडी करा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करा, आत साचलेले पाणी त्याच वाटेने निघते. पोस्ट परत घालण्याआधी नळी पुसा आणि ग्रीस लावा, पण फ्रेम किंवा पोस्ट कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट.