एआय एजंटकडून क्लिपला इफेक्ट मारून घेताय? या चुका टाळा

जानेवारीत गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं, शूट संपत नाही तोवर लग्नसराई डोक्यावर, म्हणजे सोलापुरातल्या एडिटिंगवाल्याला जेवायला पण टाइम नसतो, त्यामुळं आता बरीच पोरं प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरला एमसीपीनं (एआयला बाहेरचं सॉफ्टवेअर जोडायची पद्धत) एआय एजंट जोडून बसलेत आणि चॅटमध्ये सरळ टाकतात, 'सगळ्या क्लिपला कलर मार'. काम होतं की, नाही असं नाही. पण एक गोष्ट डोक्यात फिट करा: असल्या टूलमध्ये बहुतेक वेळा एजंटला चित्र दिसतच नसतं, त्याला फक्त ट्रॅक, क्लिपचं नाव, इफेक्टचं नाव आणि आकडे कळतात. निम्मे घोळ इथूनच चालू होतात.

आता हेच बघा, दुपारच्या उन्हात नंदीध्वजांची मिरवणूक, सगळे पांढऱ्या बाराबंदीत, आणि त्याच टाइमलाइनवर होम मैदानावरचं रात्रीचं दारूकाम, म्हणजे आतषबाजी. दारूकामाच्या अंधाऱ्या क्लिपसाठी लुमेट्रीत (प्रीमियरचा कलर इफेक्ट) एक्स्पोजर, म्हणजे उजेड, वाढवायला सांगितलं आणि वर 'सगळ्या क्लिपला' म्हणलं, की बाराबंदी पार चुन्यासारखी फटफटीत, कापडाची एक घडी दिसत नाही. एजंटची काय चूक हो, त्यानं सांगितलं तेच केलं. म्हणून आधी त्याला नुसती यादी काढायला लावा, कुठल्या ट्रॅकवर कुठली क्लिप आणि तिच्यावर आत्ता कुठले इफेक्ट आहेत ते. सीक्वेन्सची डुप्लिकेट करा, एकाच क्लिपवर मारून डोळ्यानं बघा, मग बाकीच्यांचं बघू.

क्लिप स्क्रीनवरनं गायबच झाली, सगळं काळं? मोशनमधली पोझिशन बघा. 1920 बाय 1080 च्या सीक्वेन्समध्ये इफेक्ट कंट्रोल्स पॅनलमध्ये मधला बिंदू 960, 540 दिसतो, पण प्रीमियरच्या जुन्या स्क्रिप्टिंगमध्ये, म्हणजे एक्स्टेंडस्क्रिप्टमध्ये, तोच बिंदू 0.5, 0.5 असतो. एजंटनं पॅनलमधला आकडा तसाच घातला की क्लिप फ्रेमच्या कुठल्या कुठं बाहेर. ट्रॅकचं पण तसंच, तिथं मोजणी शून्यापासून, त्यामुळं तुमचा व्ही 2, म्हणजे दुसरा व्हिडिओ ट्रॅक, हा त्याचा 1. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मात्र ट्रॅक 1 पासूनच मोजतात, आणि एजंट या दोघांची सरमिसळ बिनधास्त करतो.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते कीफ्रेमचं, म्हणजे कुठल्या वेळेला इफेक्टचा आकडा किती हे ठरवणाऱ्या खुणांचं. नवरीच्या एंट्रीला हळू झूम पाहिजे, एजंट म्हणतो 'झालं', कोड पण एरर देत नाही, आणि प्ले केलं तर क्लिप जागची हलत नाही. कारण प्रीमियरमध्ये स्क्रिप्टनं कीफ्रेम टाकताना वेळ टाइमलाइनवरनं नाही, मूळ फुटेजच्या सुरवातीपासनं मोजतात. समजा मोठ्या रेकॉर्डिंगमधला 2 मिनिट 10 सेकंदापासूनचा तुकडा तुम्ही कापून घेतलाय. त्या तुकड्याच्या पहिल्या सेकंदाला कीफ्रेम पाहिजे तर आकडा 2 मिनिट 11 सेकंद द्यायला लागतो. एजंट देतो 1 सेकंद, आणि कीफ्रेम जाऊन पडतात कापलेल्या भागात, जिथं ते कुणाला दिसणारच नाहीत. त्याला सरळ सांगा, क्लिपचा इन पॉइंट (तुकडा मूळ फुटेजमध्ये जिथनं चालू होतो ती वेळ) आधी वाच आणि त्यात सेकंद मिळव. ज्या तुकड्याला सुरवातीनं कापलेलंच नाही तिथं हे आपोआप जमून जातं, म्हणून एका क्लिपवर चालतंय आणि दुसरीवर नाही असा वेड लावणारा प्रकार होतो.

ब्लर सांगितल्यापेक्षा डबल वाटतोय? इफेक्ट कंट्रोल्स उघडा, गॉशियन ब्लर दोनदा बसलेला असेल. टूलकडनं उत्तर यायला उशीर झाला की एजंटला वाटतं काम झालंच नाही आणि तो परत लावतो, पहिला तर आधीच बसलेला असतो. 'लावायच्या आधी आहे का बघ, असेल तर फक्त आकडा बदल' हे वाक्य सूचनेत कायमचं टाकून ठेवा. इफेक्टचा क्रम पण सांगा, वरनं खाली लागतात ते. आधी क्रॉप मग ब्लर केला तर कडा मऊ होतात, उलटं केलं तर कडा कडक कापल्यासारख्या येतात.

वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट) आणि स्पीड बदलणं एकाच क्लिपवर चालत नाही, हे माणसाला पण चालत नाही आणि एजंटला पण नाही. क्लिप नेस्ट करा, म्हणजे तिला वेगळ्या सीक्वेन्सच्या आत टाका, मग एक इफेक्ट आत, एक बाहेर.

रिझॉल्व्हवाल्यांनो, एजंट कनेक्टच होत नसेल तर आधी व्हर्जन बघा. बाहेरनं स्क्रिप्ट चालवायची सोय स्टुडिओ व्हर्जनला आहे, फुकटवाल्यावर रात्रभर डोकं आपटून काय फायदा नाय. स्टुडिओ असेल तर प्रेफरन्समध्ये सिस्टिम, मग जनरल, तिथं एक्स्टर्नल स्क्रिप्टिंग 'नन' वर असेल ते 'लोकल' करा, आणि रिझॉल्व्ह बंद करून परत चालू करा.