एपीआयला फिल्टर लावताना या चुका टाळा

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या सर्व्हरकडून डेटा मागायची सोय, आणि फिल्टर म्हणजे त्यातलं नेमकं काय हवं ते सांगणारी अट. फिल्टर चुकला तर एरर येईलच, या भरवशावर नवीन मुलं निर्धास्त असतात. कितीतरी एपीआय ओळखीचा नसलेला पॅरामीटर (यूआरएलमध्ये जोडलेली नाव आणि किंमत अशी जोडी) गपचूप सोडून देतात. पॅरामीटरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी स्टेटस २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो, जेसन (उत्तरातला डेटा) व्यवस्थित दिसतं, आणि आपण फिल्टर लागला म्हणून पुढे जातो.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो यूआरएल हाताने जोडण्यावर. एका क्लायंटच्या एपीआयमधून रोज रात्री कालपासूनच्या ऑर्डर आणायच्या आणि त्या ग्राहकांना ‘ऑर्डर मिळाली’ असा एसएमएस पाठवायचा, एवढंच काम होतं. टीममधल्या मुलाने तारीख, वेळ आणि शेवटी भारतीय वेळेचा +०५:३० अशी स्ट्रिंग थेट यूआरएलला चिकटवली. क्वेरीमध्ये, म्हणजे यूआरएलच्या पॅरामीटरवाल्या भागात, एन्कोड न केलेलं (सांकेतिक रूपात न बदललेलं) + आलं की बहुतेक सर्व्हर त्याला स्पेस समजतात. तशी मोडलेली तारीख समोरच्या सर्व्हरला वाचता आली नाही, आणि त्याने तो फिल्टर वगळून आजवरच्या सगळ्या ऑर्डर पाठवल्या. सकाळी पहिला फोन आला तो एका बाईंचा. सामान मिळून दोन वर्षं झाली होती, आणि ‘माझ्या खात्यातून पुन्हा पैसे गेले का’ म्हणून त्या घाबरल्या होत्या. त्या दिवशी आम्ही चौघं संध्याकाळपर्यंत लोकांची माफी मागत होतो.

टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? टेस्ट सर्व्हरवरच्या सगळ्या ऑर्डर आम्हीच त्याच दिवशी टाकल्या होत्या. फिल्टर लागो न लागो, यादी तीच यायची.

तेव्हापासून माझ्या दोन सवयी आहेत. पॅरामीटर नेहमी लायब्ररीच्या हवाली करायचे: पायथॉनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीमध्ये ‘पॅरम्स’, जावास्क्रिप्टमध्ये ‘यूआरएलसर्चपॅरम्स’. जावास्क्रिप्टचं ‘एन्कोडयूआरआय’ इथे कामाचं नाही, ते + आणि & दोन्ही तसेच ठेवतं. + च्या जागी टक्केचिन्ह, २ आणि बी ही तीन अक्षरं गेली पाहिजेत. वेळ तर मी यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत), शेवटी झेड लावून पाठवतो, म्हणजे + चा प्रश्नच उरत नाही. फक्त आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीची १८:३० असते, हे विसरायचं नाही.

दुसरी सवय: प्रत्येक फिल्टरला एकदा अशक्य किंमत देऊन बघायची. तारीख २०९९ टाकली की यादी रिकामी यायला हवी. रेकॉर्ड आले, तर फिल्टर लागलेलाच नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत असलेला माणूस नेमकं हेच टाळतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे न दिलेल्या पॅरामीटरचाही अर्थ असतो हे विसरणं. कोड ठेवायच्या गिटहब या साइटचं घ्या. रिपॉझिटरीचे (तिथल्या एका प्रोजेक्टचे) इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, मागितले आणि ‘स्टेट’ दिलं नाही, तर फक्त उघडे इश्यू येतात. एका पानावर ३० येतात, जास्तीत जास्त १०० मागता येतात. ५०० लिहिलंत तरी १००च मिळतात. पुढच्या पानाचा पत्ता उत्तरासोबत येणाऱ्या ‘लिंक’ हेडरमध्ये असतो, आणि तो हेडर कोणी उघडूनही बघत नाही. शिवाय त्या यादीत पुल रिक्वेस्टही (कोडमधला बदल स्वीकारा अशा विनंत्या) मिसळलेल्या असतात, त्या ‘पुल_रिक्वेस्ट’ या कीवरून ओळखून आपणच बाजूला काढायच्या. ‘या प्रोजेक्टमध्ये एकूण ३० इश्यू’ असा रिपोर्ट मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. मोजणी बरोबर तीस, पन्नास किंवा शंभर अशी गोल आली, की मी आधी पेजिनेशन, म्हणजे पुढची पानं राहिली का, ते तपासतो.

त्याच एपीआयचं ‘सिन्स’ हे तयार झाल्याच्या तारखेवर चालत नाही, शेवटच्या बदलाच्या तारखेवर चालतं. पाच वर्षांपूर्वीच्या इश्यूवर आज कोणी कॉमेंट टाकली की तो आजच्या यादीत येतो. आणि ‘लेबल्स’मध्ये स्वल्पविराम देऊन दोन लेबलं दिली तर दोन्ही असलेले इश्यू मिळतात. दुसऱ्या एपीआयमध्ये तोच स्वल्पविराम ‘किंवा’ असू शकतो, त्यामुळे अंदाजाने लिहू नका, डॉक्युमेंटेशनमधली ती एक ओळ वाचा.

सगळं डाउनलोड करून मग कोडमध्ये फिल्टर करणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. गिटहबवर लॉगिनशिवाय तासाला ६० रिक्वेस्ट मिळतात, त्या तुम्ही कचरा आणण्यात संपवता.

पानं ओढत असताना मध्येच फिल्टर किंवा सॉर्ट बदलू नका, काही रेकॉर्ड दोनदा येतील आणि काही सुटतील.

रिकामा पॅरामीटर पाठवू नका. किंमत नसेल तर तो पॅरामीटर काढूनच टाका, कारण रिकाम्या किमतीचा अर्थ प्रत्येक सर्व्हर आपापल्या परीने लावतो.

ग्राहकाचा फोन नंबर किंवा टोकन (लॉगिनची गुप्त किल्ली) फिल्टर म्हणून यूआरएलमध्ये घालू नका. यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये जशीच्या तशी उतरते, आणि ते लॉग कोण कोण उघडतं यावर तुमचा ताबा नसतो.